पहिल्या बाकावरची फिनेल

माझ्या वहिनीला आमच्या गल्लीत फिनेल म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे तिला नीट ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. तिला त्याचं काही वाटत नसे. "निदान वासावरून तरी चांगलं नाव ठेवलंय," म्हणायची.

ती एका मोठ्या हॉटेलात खोल्या तपासायची. साफसफाईच्या बायका खोली आवरून गेल्या की ही मागून जायची. चादर उचलून गादीची कड बघायची, उशीचा अभ्रा उलटा करायची, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केस चिमट्याने काढायची, काचेचा पेला उजेडात धरून गोल फिरवायची. माणसं खोलीत काय काय ठेवून जातात हे ती घरी येऊन सांगायची, आणि नेमकं आम्ही जेवायला बसलो की सांगायची. पलंगाखाली चिकटवलेलं च्युइंगम. बशीत नीट रचून ठेवलेली पायाची नखं. पेल्यात विसरलेली कवळी, आणि त्याच पाण्यात विझवलेली सिगारेट. "आणि नाक पडद्याला पुसतात गं," ती म्हणायची. "उशाशी कागदी रुमालांचा डबा असतो. तरी पडद्याला." मग शांतपणे घास घ्यायची. आम्ही ताटं बाजूला सारायचो.

मला किळस शिकवायची गरज नव्हती. मी पोस्टात खिडकीवर बसते. समोर ओल्या स्पंजची डबी ठेवलेली असते, तरी लोक तिकिटाला जीभ लावतात, पाकिटाच्या कडेवरून जीभ फिरवतात आणि ते पाकीट माझ्या हातात देताना हसतात. पण मला किळस येते ती माणसांची, तिला यायची ती त्यांच्या तोंडांची. म्हणून आमच्या नणंद-भावजयीचं चांगलं पटायचं.

पटत नव्हतं ते तिचं आणि आईचं. माझी आई उष्टं-बिष्टं काही मानणाऱ्यातली नव्हती. ज्याच्या हातात पेला दिसेल त्याच्या पेल्यातलं पाणी प्यायची. दुसऱ्याच्या ताटातला तुकडा उचलायची, अर्धा खाऊन आवडला तर उरलेला तिसऱ्याच्या तोंडात कोंबायची. भाजीचं मीठ बघितलं की तोच चमचा परत पातेल्यात. लहान मुलांच्या गालाला लागलेलं काही असेल तर पदराला थुंकी लावून पुसायची. लग्न होऊन आलेल्या वहिनीला तिनं पहिल्याच दिवशी स्वतःच्या ताटातला घास भरवला. वहिनीनं तो गालात धरून ठेवला, मोरीपर्यंत गेली आणि थुंकला. आईनं ते पाहिलं. त्यानंतर इतकी वर्षं दोघी एका घरात राहिल्या, पण आईनं तिला पुन्हा कधी काही भरवलं नाही.

आता चर्चबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बऱ्याच ठिकाणी प्रभुभोजनाला, म्हणजे पाव आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, आता प्रत्येकाला वेगळी इवलीशी पेली देतात. आमची मंडळी हट्टी. आमच्याकडे अजून एकच प्याला फिरतो, चांदीचा, दोन्ही हातांनी धरावा लागेल असा जड. सगळ्यांनी एकातूनच घ्यायचं, त्यातच सगळं आहे, असं मोठी माणसं सांगतात. बाकांच्या क्रमाने माणसं वेदीपुढे येऊन गुडघे टेकतात. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, प्रत्येकानंतर कडा पांढऱ्या फडक्याने पुसतात, प्याला जरासा फिरवतात आणि पुढच्याच्या ओठांना लावतात. त्या फडक्याविषयी वहिनीचं मत ठरलेलं होतं. "पुसत नाहीत ते," ती म्हणायची, "सगळीकडे सारखं लावतात."

म्हणून ती पहिल्या बाकावर, वाटेकडच्या पहिल्या जागेवर बसायची. घंटा व्हायच्या आधी जाऊन बसायची. कोणी पाहुणा चुकून तिथे बसला असेल तर बाजूला उभी राहून त्याच्याकडे नुसती बघत राहायची. पाहुणा आपोआप सरकायचा. प्याला भरला की पहिले ओठ तिचे. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं आणि सगळी मंडळी त्यावर हसायची. तिच्या शेजारी माझा दादा, म्हणजे तिचा नवरा. तो दुसरा. "हिच्या उष्ट्यावर माझाच हक्क," तो दर वेळी कुजबुजायचा आणि ती दर वेळी त्याला कोपर मारायची. दादाला कशाचंच काही वाटत नसे. तो आईवर गेला होता.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये काम करता करता त्याचं हृदय बंद पडलं. वर लोक बटण दाबत राहिले. लिफ्ट का येत नाही म्हणून शिव्या देत राहिले.

त्यानंतर घरात सांत्वनाला आलेली माणसं मी अजून विसरले नाही. ओल्या हाताने हात धरायची आणि सोडायची नाहीत. आम्ही दिलेली बिस्किटं खात खात बोलायची. मंडळीतले एक वडीलधारे, ज्यांना सगळे खजिनदारसाहेब म्हणतात, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." त्यांच्या खालच्या ओठावर बिस्किटाचा भुगा होता आणि बोलताना तो हलत होता. मला वाटलं, म्हणजे तुम्हाला अजून बरीच वर्षं आहेत. त्यांच्या बायकोनं आईला सांगितलं की रडायचं नाही, रडणं म्हणजे विश्वास कमी. आई तोपर्यंत रडतही नव्हती. सगळे गेल्यावर वहिनीनं एकूण एक कप उकळत्या पाण्यात घातले, आणि मी त्या दिवसापासून चर्चला जायचं सोडलं. मला त्या माणसांची शिसारी आली होती ती आलीच.

वहिनी मात्र पुढच्याच रविवारी जाऊन पहिल्या बाकावर बसली. मला राग आला. त्याच माणसांच्यात जाऊन बसायचं, त्याच खजिनदाराच्या घोगऱ्या आवाजात भजन ऐकायचं. एकदा मी विचारलंच.

"तुला तिथे मिळतं तरी काय?"

ती इस्त्री करत होती. म्हणाली, "तिथे वेदीपाशी मला कोणी कशी आहेस विचारत नाही. गुडघे टेकायचे, हात पुढे करायचा, द्यायचं ते देतात. मी धड आहे की नाही बघून देत नाहीत." मग इस्त्री उभी केली. "आणि तेवढं झालं की आठवडा निघतो. नाही गेले तर निघत नाही. एवढंच."

"आणि दादाची जागा?"

"तिथे आता खजिनदारसाहेब बसतात," ती म्हणाली. "माझ्यानंतर ते पितात." आणि तिनं असं तोंड केलं की इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदा हसले.

मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढलं गेलं, आणि बोलण्यातले फक्त दोन शब्द उरले, 'नको' आणि 'तू'. 'तू' म्हणजे आम्ही दोघी, डॉक्टर, खिडकीवर बसणारं मांजर, सगळं. तोंडाच्या पडलेल्या कोपऱ्यातून लाळ सतत गळायची. भरवलेलं अर्धं परत यायचं. खोलीत एक आंबूस वास बसला, तो खिडक्या उघडून जात नव्हता. मी तिची मुलगी. मी तिच्या अंगाखांद्यावर वाढले. तरी सकाळी तिचं तोंड पुसताना मी श्वास रोखून धरत असे, आणि नंतर पोस्टात डबा उघडला की तो रुमाल आठवायचा.

वहिनीनं हॉटेलात दुपारची पाळी मागून घेतली आणि आईचं सगळं हातात घेतलं. तिच्या पद्धतीने. रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, कमरेला प्लास्टिकचा एप्रन. आईची ताटली, पेला आणि चमचा वेगळा केला. चुकून दुसऱ्यांत जाऊ नये म्हणून चमच्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळला. दर खाण्यानंतर तो चमचा उकळायचा. आईला एकही जखम झाली नाही, पाठीला कधी लाल डाग दिसला नाही. तपासायला येणारी नर्स म्हणायची, दवाखान्यात पण इतकं करत नाहीत. पण आई त्या हातमोज्यांकडे बघायची. दोन हात तिला कुशीवर वळवायचे, धुवायचे, पुसायचे, आणि ती त्या पिवळ्या रबराकडे बघत पडायची.

महिन्यातून एकदा पाळक घरी यायचे. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन घरी मिळतं. छोट्या पेटीत पावाचा तुकडा, द्राक्षरसाची बाटली, छोटा प्याला. आधी वहिनी घ्यायची, अर्थातच, मग आई. आणि यात एक नियम आहे. प्याल्यात उरलेलं परत न्यायचं नाही आणि मोरीत ओतायचं नाही. एकदा त्यावर प्रार्थना झाली की ते कोणीतरी तिथेच पिऊन संपवायचं. जुने पाळक ते आईनंतर मुकाट्याने संपवायचे, फडक्याने प्याला पुसायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे. त्यांनी ते केलं हे आमच्या लक्षातही येत नसे.

जुने पाळक निवृत्त झाले, नवे आले. तरुण, गोरेगोमटे, हात साबणाने धुतल्यासारखे. माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा आले तेव्हा आईचं बरंच बिघडलेलं होतं. तिनं प्याला तोंडाला लागू दिला, एक घोट घेतला, आणि त्यातला निम्मा परत प्याल्यात आला. भिजलेल्या पावाचा कण आला, लाळेची तार आली. पाळकांनी प्याल्यात पाहिलं. मी दारात उभी होते, मी त्यांचा चेहरा पाहिला. मग त्यांनी हळूच पाठ केली, खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, प्याला ओतला आणि वर नळ सोडला.

वहिनीच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं.

आईच्या पलंगावरून बेसिन सरळ दिसतं. तिचं डोकं शाबूत होतं. जन्मभर त्या मंडळीत वाढलेली बाई. ओतायचं नाही हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं नळ बंद होईपर्यंत तिकडे बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी तिनं तोंड उघडलं नाही. आम्हाला वाटलं दमली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. दुधात कुस्करलेला पाव, सूप, उकडून मऊ केलेला बटाटा, काहीही पुढे केलं की ओठ मिटायचे आणि "नको." चमचा ओठांना लागला की ती मान झटकायची, ओठांवर काही लागू द्यायला जणू तिला लाज वाटत होती. रात्री झोपेत पाण्यात बुडवलेला कापूस जिभेवर पिळला तेवढंच पोटात. नर्स आली, तिनं हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, आणखी दोन-तीन दिवस बघू, नाहीतर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. या वयात नळी घातली की बहुधा निघत नाही, हेही तिनं दाराबाहेर येऊन सांगितलं.

बातमी मंडळीत गेलीच. खजिनदारसाहेब आणि त्यांच्या बाई दोघं आले. त्यांनी उपाय आणला होता. प्लास्टिकच्या इवल्या पेल्यांची पिशवी, वापरा आणि फेका. "पाळकसाहेब यातून देतील त्यांना," बाई म्हणाल्या. "वेगळं. म्हणजे कोणाला काही नको वाटायला. आणि हे बघा, देव काय भांडं बघतो का?" बोलताना त्यांनी आईच्या पलंगापासून पावलाचं अंतर राखलं होतं आणि रुमाल नाकाशी होता. त्यांनी एक पेली आईला दाखवली, लहान मुलाला खेळणं दाखवावं तशी. आईनं डावा हात उचलला. तो हात मोठ्या कष्टाने उचलला जायचा. उचलला, आणि पेली उडवली. ती टप्पा खात पलंगाखाली गेली.

"स्वभाव," खजिनदारसाहेब मला बाहेर म्हणाले. "आजारपणात स्वभाव बाहेर येतो."

"हो," मी म्हणाले, "आणि काहींचा आजार नसताना पण येतो."

त्या दिवशी मी एक नाटक केलं. आईच्या पेल्यात पाणी घेतलं, तिच्या ओठांना लावून ओले केले, आणि तिला दिसेल असा तो पेला माझ्या तोंडाला नेला. म्हटलं, बघ, मी पिते. पेल्याच्या कडेला पांढरा ओघळ होता. पेला दातांवर आपटला आणि पाणी गळ्यावरून पोलक्यात गेलं. आईनं सगळं पाहिलं. तिला राग आला नाही. तिनं माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझीच किळस आली, आणि मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी हॉटेलातून आली, चपला न काढताच म्हणाली, "चल माझ्याबरोबर. पाळकांकडे जायचंय."

"मी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"चर्च नाही, घर आहे त्यांचं. आणि तू बोलू नकोस. तुझं तोंड उघडलं की काम बिघडतं."

पाळक बाहेरच्या खोलीत कागद पसरून बसले होते. आम्हाला पाहून उभे राहिले. त्यांनी आधीच सुरुवात केली. "ताई, माझी चूक झाली, मला माहीत आहे. मी नंतर खूप… मला जमलं नाही हो. मी प्रयत्न केला, पण घशाखाली जाणारच नाही असं वाटलं." कान लाल झाले होते. मला वाटलं होतं त्या माणसाचा राग येईल. नाही आला. निदान तो 'देव भांडं बघतो का' असं काही बोलत नव्हता.

वहिनी म्हणाली, "तुम्ही उद्या उपासनेनंतर घरी या. आधी त्यांना द्या. मग मला द्या. उरलेलं मी संपवीन."

पाळक नवे असले तरी पहिल्या बाकाची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. "तुम्हाला जमेल?"

"मला तर तुमच्यापेक्षा जास्त शी वाटते," वहिनी म्हणाली. "पण त्या खायच्या थांबल्यात."

परत येताना ती भरभर चालत होती. मी म्हटलं, तुला ओकारी झाली आणि आईनं ती पाहिली तर सगळंच संपलं. ती म्हणाली, "म्हणून उद्या सकाळपासून काही खाणार नाही. पोट रिकामं असलं की वर काय येणार?" कोपऱ्यावर वळताना म्हणाली, "तुझा भाऊ इतकी वर्षं माझ्यानंतर प्यायला. मी कधी विचारलं नाही त्याला, तुला कसं वाटतं म्हणून. मला वाटायचं, याला काय, हा काहीही पितो."

रविवारी पाळक आले. वहिनी आईच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसली. तिच्या हातात हातमोजे नव्हते. तिच्या नुसत्या हाताची बोटं किती लाल आणि चिरलेली आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. इतक्या वर्षांचं ब्लीच. पाळकांनी प्रार्थना म्हटली. पावाचा कण आईच्या ओठांपाशी नेला. ओठ मिटलेले. "नको."

वहिनी म्हणाली, "आई, आज तुम्ही पहिल्या. मी मागून आहे."

आईनं मान वळवली. तिनं वहिनीकडे बघितलं, मग पाळकांकडे, मग बेसिनकडे. त्या बेसिनकडे ती बराच वेळ बघत राहिली. वहिनी उठली. बेसिनपाशी गेली, भोकाला रबरी बूच लावलं, वर आईची ताटली उपडी ठेवली, आणि परत येऊन बसली.

आईचे ओठ जरासे उघडले. पाव गेला. प्याला लागला. घोट घेतला, आणि व्हायचं ते झालंच: घोट परत आला, लाळ आली, पावाचा लगदा आला. पाळकांनी प्याला वहिनीपुढे धरला. फडकं त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. वहिनीनं मान हलवली, पुसू नका.

मी वर्णन करत नाही. मी दारातून पाहिलं आणि मला जे दिसलं ते मी अजून जेवताना आठवत नाही. तिनं प्याला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले नाहीत, आणि एका दमात नाही, कारण एका दमात जाणारं ते नव्हतं, तर तीन-चार घोटांत संपवलं. शेवटचं तळाला चिकटलं होतं. तिनं प्याला उंच करून वाट पाहिली. मग प्याला खाली आला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मानेची शीर ताणलेली, ओठ घट्ट. पाळकांनी शेवटची प्रार्थना म्हटली. वहिनीला आमेन म्हणता आलं नाही. तोंड उघडायची सोय नव्हती.

आई तिच्याकडे बघत होती. तिच्या तोंडाची धड बाजू वर गेली. आईचं ते हसू मला ओळखीचं होतं. भाजीची चव बघून चमचा पातेल्यात परत टाकताना ती तशी हसायची.

दुपारी वहिनीनं बटाटा मऊ करून आणला. लाल दोऱ्याचा चमचा पुढे केला. आईनं तोंड उघडलं, घास घेतला, अर्धा गिळला. मी दारात हुश्श केलं. दुसरा घास पुढे केला तेव्हा ओठ परत मिटले. डावा हात कष्टाने वर आला, चमच्याला लागला आणि चमचा वहिनीच्या तोंडाकडे ढकलला.

"तू," आई म्हणाली.

वहिनीनं चमच्याकडे पाहिलं. "आई, तेवढं पुरे की हो," ती म्हणाली. "सकाळी प्याले ना मी."

"तू."

"शी," वहिनी म्हणाली, आणि खाल्लं. मग आईनं तोंड उघडलं.

त्यानंतर आई जाईपर्यंत असंच चाललं. एक घास आईला, एक वहिनीला. एकाच चमच्याने. वहिनी दर घासाला तोंड वाकडं करायची, मला ऐकू येईल असं कुरकुरायची, "म्हातारीनं जुना हिशेब काढलाय," आणि गिळायची. तो पहिला, मोरीत थुंकलेला घास आईनं असा परत परत वसूल केला. नाकात नळी गेली नाही. एकदा झोपेतच, तोंड पुसलेलं, कुशीवर वळवलेलं असताना ती गेली.

परत माणसं आली. परत बिस्किटं. तेच ओले हात. खजिनदारसाहेब खुर्चीत बसून म्हणाले, "सुटल्या बिचाऱ्या. आणि खरं सांगायचं तर तुम्ही दोघी पण सुटलात." बाईंनी मान डोलावली. कप बशीत ठेवताना त्यांनी तोंडातला चहाचा शेवटचा घोट परत कपात सोडला, मी पाहिलं. मला तिथे बसवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

वहिनी ओट्याला टेकून उभी होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. भांड्यातला उकडलेला बटाटा ती चमच्याने कुस्करून खात होती. दांड्याला लाल दोरा होता, मळून काळपट झालेला.

"तो आईचा चमचा आहे," मी म्हणाले.

"माहितीय."

"उकळलास?"

"नाही."

बाहेरच्या खोलीत खजिनदारसाहेब कोणाला तरी देवाच्या इच्छेबद्दल सांगत होते. वहिनीनं आणखी एक घास खाल्ला. मग चमचा परत भरला, त्याच्या कडेला तिचे ओठ लागलेले दिसत होते, आणि माझ्यापुढे धरला.

"तू," ती म्हणाली.

बटाटा गार झाला होता आणि त्यात मीठ कमी होतं.